शब्दांचें गोत्र : आसरा

वैशाखाच्या सुटींत आमचा नातू पुण्याहून धुळ्यास आला म्हणजे घरांतील पंचांगाखेरीज एकहि पुस्तक जागेवर राहत नाहीं. यंदा मात्र तो आपलेंच एक पुस्तक बरोबर घेऊन आला होता. ऑक्सफर्डच्या लुइस नांवाच्या अध्यापकानें लिहिलेली व १९५० सालीं प्रसिद्ध झालेली ती बालकथा. दुपारीं ओसरीवर पालथा पडून वाचतां वाचतां त्यानें एकदम हांक मारली, “आजोबा, फॉन म्हणजे हरणाचं पाडस ना? मग ह्या फॉनला शिंगं, बोकडाचे पाय आणि हातांत छत्री कशी?”

माझा जन्म संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत गेला. इंग्रजीशीं परिचय दुरून नमस्कार करण्यापुरता. तरीहि कोणी शब्दाची कुळी विचारली कीं मला स्वस्थ बसवत नाहीं, हें या सदराच्या वाचकांस सांगावयास नको. कोश काढला, सूनबाईंनीं चष्मा आणून दिला, आणि आम्ही आजा-नातू त्यांत डोकें घालून बसलों.

उलगडा मोठा मजेदार निघाला. इंग्रजींत हे दोन शब्द आहेत. लेखनांत एका अक्षराचा फरक, उच्चारांत मुळींच नाहीं. दोघांचाहि उगम लॅटिन भाषेंत, पण एकाचा दुसऱ्याशीं नात्यागोत्याचा कांहीं संबंध नाहीं. पाडसाच्या अर्थाचा फॉन हा ‘फेटुस’ म्हणजे गर्भ किंवा पिलूं या शब्दापासून निघाला आणि जुन्या फ्रेंच लोकांच्या मुखांत झिजून इंग्रजींत उतरला. डॉक्टर लोक पोटांतील गर्भाला जो शब्द वापरतात तो हाच, फक्त न झिजलेला. दुसरा फॉन ‘फाउनुस’ या देवाच्या नांवापासून आला.

फाउनुस हा रोमन लोकांचा रानाचा आणि गुराढोरांचा देव. डिसेंबरच्या पांचव्या तारखेस खेड्यापाड्यांतून त्याचा उत्सव होई व त्या दिवशीं बैलांना कामापासून सुटी असे. आपला पोळाच म्हणाना! त्याच्या नांवाची फोड रोमन पंडितांनींच दोन तऱ्हांनीं केली आहे. कोणी तें ‘कृपा करणें’ या अर्थाच्या धातूपासून काढीत, कोणी ‘बोलणें’ या अर्थाच्या. कारण रानांतून ऐकूं येणारा अज्ञात आवाज तो त्याचा, आणि त्या आवाजानें तो भविष्य सांगतो, अशी समजूत होती. पुढें ग्रीक लोकांचा ‘पान’ हा बोकडाच्या पायांचा देव रोमन लोकांच्या ओळखीचा झाला. दोघे एकरूप मानले गेले आणि फाउनुसला शिंगें व खूर आले. मग एका देवाचे अनेक झाले, देवाचा वनचर झाला, आणि वनचराचा आमच्या नातवाच्या पुस्तकांतला छत्रीवाला झाला.

याच कुळांतील ‘फाउना’ ही देवी मात्र विद्वानांच्या हातीं पडली. स्वीडनच्या लिनेअस या निसर्गशास्त्रज्ञानें आपल्या देशांतील प्राण्यांविषयीं १७४६ सालीं ग्रंथ लिहिला व त्यास तिचें नांव दिलें. पुढें एखाद्या प्रदेशांतील समग्र प्राणिसृष्टीला ‘फाउना’ म्हणण्याचा प्रघात पडला. आमच्या यावलच्या अभयारण्याविषयीं कोणी इंग्रजींत अहवाल लिहिला, तर त्यांतील अस्वलें आणि रानडुकरें याच देवीच्या पदराखालीं येतात.

फाउनुसच्या सोबतिणी म्हणून कोशानें आम्हांस ‘निंफ’ या शब्दाकडे धाडलें. ग्रीक भाषेंत त्याचा मूळ अर्थ नवरी, उपवर मुलगी. झरे, डोह, झाडें, डोंगर यांत वास करणाऱ्या देवकन्यांना तें नांव मिळालें. लॅटिनमध्यें हाच शब्द बहुधा ‘लिंफा’ असा फिरून नांदूं लागला, आणि तेथें कवि लोक त्याचा अर्थ नुसतें ‘पाणी’ असा करूं लागले. पण त्यावरून बनलेलें एक विशेषण पाहून मी चमकलों. ‘लिंफातुस’ म्हणजे वेडावलेला, झपाटलेला. फेस्टुस नांवाचा जुना रोमन कोशकार सांगतो कीं झऱ्याच्या पाण्यांत ज्याला देवकन्येचें रूप दिसलें तो भ्रमिष्ट होतो, अशी लोकांची समजूत आहे. तिच्यावरून हा शब्द.

(जातां जातां एक गंमत. शरीरांतील पाण्यासारख्या रसाला वैद्यकांत लिंफ म्हणतात तें याच शब्दावरून. पूर्वीं देवी टोंचणारा सरकारी माणूस ज्या द्रवानें टोंची, त्यालाहि इंग्रजींत लिंफच म्हणत. आमच्या वडील पिढीनें त्या माणसाचें नांव ‘देवी डॉक्टर’ असें ठेविलें होतें. आपल्या कुपींत खरोखरीच एक देवी बसली आहे हें त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावें.)

“पाण्यांत बाई दिसली आणि माणूस झपाटला,” एवढें मीं मोठ्यानें वाचलें, तों स्वयंपाकघरांतून आवाज आला, “अहो, मग त्याला आपल्या आसरा सांगा कीं! त्यासाठी रोमपर्यंत कशाला जायला हवं?”

आमच्या घरांतून आलेली ही सूचना नेहमींप्रमाणें रास्त होती. खानदेशांत जुन्या डोहांच्या कांठीं किंवा एखाद्या पायविहिरीच्या आंत शेंदूर फासलेले सात दगड ओळीनें मांडलेले दिसतात. त्या साती आसरा. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहींभात हा त्यांचा मान. भर दुपारीं किंवा तिन्हीसांजेस एकटी बाई पाण्यावर गेली आणि घरीं येऊन अंथरुणास खिळली, म्हणजे तिला ‘आसरा लागल्या’ असें म्हणत. रोमन माणसाला हें सांगितलें असतें तर त्यानें ओळखीची मान हलविली असती. हें सारें खेडवळांचें, असें आपण शिकलेल्या घरांतील मंडळी म्हणतों. आमची आई सोवळ्यांतली; पण बाळंतपणानंतर प्रथम विहिरीवर जातांना ती कांठावर हळदकुंकू वाहून मगच घागर बुडवी. विचारलें तर म्हणे, “गंगेची पूजा.” नांव गंगेचें, आणि कांठावर खडे मात्र सात! आतां घरोघर नळ आले, विहिरी बुजल्या, आणि सातहि जणी आमच्या आळींतून उठून गेल्या.

तर या शब्दाचें गोत्र. पुष्कळांस वाटतें कीं ‘आसरा’ म्हणजे आधार, तोच हा शब्द. तसें नाहीं. आधाराच्या अर्थाचा आसरा पुल्लिंगी. तो ‘आश्रय’ शब्दापासून आला. पाण्यांतली आसरा स्त्रीलिंगी, आणि ती साक्षात् अप्सरा. संस्कृतांतील ‘त्स’ आणि ‘प्स’ यांचा प्राकृतांत ‘च्छ’ होतो, व मराठींत येतांना त्या ‘च्छ’चा पुष्कळदां ‘स’ होऊन मागील स्वर दीर्घ होतो. मत्स्य, मच्छ, मासा. वत्सरूप, वच्छरूअ, वासरूं. त्याच पायवाटेनें अप्सरा, अच्छरा, आसरा. ‘अच्छरा’ हें रूप पाली ग्रंथांतून जागोजाग भेटतें. तिकडे हिमालयांत, गढवालच्या डोंगरांवर वाटसरूंना भुलविणाऱ्या ज्या वनदेवता आहेत त्यांना ‘आछरी’ म्हणतात. पांझरेच्या कांठावरच्या बाया आणि त्या, एकाच माहेरच्या.

शब्दांच्या अशा वाटा धुंडाळण्याचें वेड इतिहासाचार्य राजवाडे यांना होतें. त्यांचा अखेरचा काळ आमच्या धुळ्यांत गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते येथेंच वारले. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ति आज टिकतात असें नाहीं. कांहीं तर ओढून ताणून बसविलेल्या आहेत. पण खेड्यांतल्या बाईच्या तोंडचा शब्द पाणिनीच्या सूत्राइतक्याच आदरानें हातीं घ्यावा, हें मी त्यांच्या ग्रंथांवरून शिकलों. शिकलों म्हणतों खरा. अंगीं बाणायला फार वर्षें लागलीं. तें पुढें येईलच.

कोणी म्हणेल, कोठें इंद्रसभेंतील उर्वशी-मेनका आणि कोठें शेंदूर फासलेले दगड! केवढा हा अधःपात! तरुणपणीं मीहि असेंच म्हणत असें. पण यास्काचार्यांनीं अप्सरा शब्दाची केलेली फोड पाहा. ती ‘पाण्यांत संचार करणारी’ अशी आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडांतील सदतिसावें सूक्त पाहा. तेथील अप्सरांचें ठिकाण नदीचें पाणी आणि वडापिंपळांचीं झाडें. त्यांची बाधा होते, आणि ती घालविण्यास अजशृंगी नांवाची औषधि सांगितली आहे. दुसऱ्या कांडांत तर त्यांना मन भुलविणाऱ्या असेंच म्हटलें आहे. म्हणजे फेस्टुस जें सांगतो तेंच, त्याच्या आधीं कित्येक शतकें. तेव्हां आमची डोहांतली आसरा बिघडलेली कशी म्हणावी? कवींनीं अप्सरेला दागदागिने घालून स्वर्गांत नेऊन बसविलें. बायकांनीं तिला तिच्या पाण्यांत राहूं दिलें.

जखिणीचें दैव मात्र खरोखरच फिरलें. ती मूळची यक्षिणी. ‘य’चा ‘ज’ (यव, जव) आणि ‘क्ष’चा ‘ख’ (लक्ष, लाख) होऊन तिची जखीण झाली. कऱ्हाडजवळच्या जखिणवाडीच्या नांवांत ती अजून मानानें नांदते. एरवीं तें मुलांना भिवविण्याचें नांव झालें. अमरकोशांत यक्ष, अप्सरा, गंधर्व, पिशाच, भूत हे सारे ‘देवयोनि’ म्हणून एकाच पंक्तीस बसविले आहेत, हें पाठ म्हणणाऱ्या मुलांनाहि खरें वाटत नसे. यक्षांची जुनी ऐट पाहावयाची तर चाळीसगांवच्या दक्षिणेस पितळखोऱ्याच्या लेण्यांत सांपडलेला ठेंगणा यक्ष पाहावा. तो आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. मोठ्या खुशींत हंसणाऱ्या त्या मूर्तीच्या हातावर, ती कण्हदास नांवाच्या सोनारानें घडविली असें कोरलेलें आहे. जळगांवच्या सराफ मंडळींनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत हारीती आहे. ही यक्षिणी लोकांचीं मुलें खात असे. बुद्धानें तिचेंच धाकटें मूल लपवून ठेविलें, तेव्हां तिला इतर आयांचें दुःख कळलें, आणि ती मुलांची राखणदार झाली. तिच्या मूर्तीखालीं एक शाळा कोरलेली आहे. हातांत छडी घेतलेला गुरुजी, पुढें अभ्यास करणारीं शहाणीं मुलें आणि मागें दंगा करणारीं. सहल घेऊन गेलों कीं आमचे विद्यार्थी एकदां त्या गुरुजीकडे आणि एकदां माझ्याकडे पाहून हंसत. मीं मात्र तेथें मुलांना नेहमीं हारीतीची कथा सांगितली, व्युत्पत्ति सांगितली नाहीं. त्याला कारण आहे.

नोकरीच्या आरंभीं मी साक्री तालुक्यांतील एका खेड्यांत होतों. हीच पांझरा तेथूनहि वाहते. त्या वर्षीं पाऊस बरा झाला होता. पोळ्याच्या सकाळीं बैल धुवावयास गेलेला सहावीच्या वर्गांतील एक मुलगा डोहांत बुडाला. पाठांतर उत्तम, अक्षर वाईट, असा मुलगा. पात्रांतून वाळू नेऊन तळाशीं खड्डा झाला होता. बैलानें ओढ घेतली, मुलाचा पाय सुटला, आणि कासरा हाताला गुंडाळलेला. गांव म्हणालें, आसरांनीं नेला.

थोड्याच दिवसांत त्याच्या आईनें त्या कांठावर सात दगड मांडले. मी एका संध्याकाळीं तिकडे गेलों, तेव्हां ती बांगड्या वाहत होती. गेलों सांत्वन करण्यास, आणि देऊन बसलों व्याख्यान. आसरा म्हणजे अप्सरा, हा प्राकृतांतून आलेला शब्द आहे, पाण्यांत कोणी बाया नसतात, खड्डा होता आणि मुलाला पोहतां येत नव्हतें. यांतील एकहि वाक्य खोटें नव्हतें. तिनें सगळें ऐकून घेतलें. मग तिच्या अहिराणींत म्हणाली, “मास्तर, तुमनं खरं व्हई. पन मना पोऱ्या तठे एकला नही, त्यानाजोडे सात बहिनी शेतस. असं म्हनं का राते डोया लागस.” माझा पोरगा तेथें एकटा नाहीं, त्याच्याजवळ सात बहिणी आहेत, असें म्हटलें कीं रात्रीं डोळा लागतो.

आधाराचा आसरा निराळा आणि पाण्यांतली आसरा निराळी, असें मीं वर ठासून लिहिलें आहे. व्याकरणांत तें तसेंच आहे. त्या बाईच्या तोंडीं दोन्ही शब्द एक झाले होते. मी भाषेचा शिक्षक. पण मला त्या वेळीं तें ऐकूं आलें नाहीं.

या गोष्टीला आणखी एक बाजू होती. ती मला बऱ्याच दिवसांनीं शाळेच्या शिपायाकडून कळली. मुलगा गेल्यावर आठवड्याच्या आंत एका भगतानें गांवांतील एका निराधार म्हातारीकडे बोट दाखविलें होतें. शब्द होता, डाकीण. डाकिनी हा शब्द ‘उडणें’ या अर्थाच्या धातूशीं जोडतात. तिबेटी पंडितांनीं त्याचें भाषांतर ‘आकाशांतून जाणारी’ असेंच केलें, आणि बौद्ध तंत्रमार्गांत ती ज्ञान देणारी देवता आहे. आमच्या सातपुड्याच्या अंगाला मात्र हा शब्द जिवंत बाईला चिकटवीत आले. जखीण मेलेली असते, आसरा पाण्यांत असते. डाकीण शेजारच्या झोंपडींत राहते. म्हणून तिला मारतां येतें, गांवाबाहेर काढतां येतें, तिचें शेत घेतां येतें. मेवाड संस्थानानें या प्रकाराला १८५३ सालींच बंदी घातली होती. आपल्या राज्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली, त्यानंतर चार दिवसांनीं जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाअखेर कायदा झाला. एखादी व्यक्ति करणी करते असें भासविणें हा आतां गुन्हा असून, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व ५,००० ते ५०,००० रुपये दंड सांगितला आहे. मी सांगतों त्या काळीं यांतील कांहीं नव्हतें. भगत होता, आणि म्हातारी होती.

त्या आईनें भगताला उंबऱ्यावरूनच परत धाडलें. आपल्या पोराला आसरांनीं नेलें, यांत कोणा माणसाचा हात नाहीं, असें तिनें चार लोकांदेखत सांगितलें, आणि लागलेच सात दगड मांडले. त्या दगडांना मुहूर्ताची वाट न पाहण्याचें कारण तें होतें. मुलाच्या आईनेंच आसरांचें नांव घेतल्यावर गांवाला दुसरें नांव शोधण्याचें कारण उरलें नाहीं. ती म्हातारी पुढें पुष्कळ वर्षें त्याच गांवांत राहिली. माझी बदली झाली त्या दिवशीं तिनें मला निरोपाला शेंगा दिल्या होत्या. त्या संध्याकाळीं माझें व्याख्यान तिला पटलें असतें, तर आसरांच्या रिकाम्या झालेल्या जागीं गांवानें कोणाला बसविलें असतें, हा विचार माझ्या मनास शिवलाहि नव्हता.

एवढ्यावरून मी आसरा मानूं लागलों असें मात्र कोणी समजूं नये. खड्डा तो खड्डाच. पुढील पोळ्याआधीं वरच्या वर्गांतील मुलांना घेऊन आम्हीं डोहाच्या अलीकडे बांबू रोवले, आणि बैल बांबूंच्या पलीकडे न्यावयाचे नाहींत अशी दवंडी पोलीस पाटलांनीं दिली. त्याच हिंवाळ्यांत मी स्वतः पोहावयास शिकलों. वय पंचविशीचें, शिकविणारा माझाच सातवींतला विद्यार्थी. तो मला “मास्तर, पाय हालवा” म्हणून ओरडे, आणि कांठावर बायका धुणें थांबवून पाहत.

हें सगळें ऐकून नातू थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें विचारलें, “आजोबा, मग फॉन चांगला कीं वाईट?” त्याच्या कथेंतला फॉन एका लहान मुलीला चहास बोलावतो तो तिला वैरिणीच्या हातीं देण्यासाठीं, पण नंतर त्यालाच रडूं कोसळतें, आणि तो तिला सुखरूप परत पोंचवितो. नातवाचें वाचन अजून चहापर्यंतच आलें होतें. मीं दुपारींच पुढें चाळून ठेविलें होतें, तरी त्याला कांहीं सांगितलें नाहीं. पान उलट, म्हटलें.

जामनेरच्या एका वाचकभगिनींनीं ‘खवीस’ शब्दाविषयीं विचारलें आहे. तो आपल्या रानांतला नव्हे. अरबी भाषेंतून आलेला पाहुणा आहे. त्याची चौकशी पुढील अंकीं करूं.